फिटरच्या पोरांचे मैदान

(यंदाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



आजचा दिवस कामगार दिनही आहे. बंगालमधल्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या मराठी माणसाला दोन्ही दिवस आपलेच वाटावेत, यात नवल नाही.

मी काही वक्ता नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. सकाळी कामावर जाण्याआधी पोरांना चार सूचना द्यायच्या, "हातमोजे घाला, हेल्मेट घाला", एवढीच माझी भाषणाची सवय. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे. कार्यवाह म्हणाले, "परदेशी जाऊन आलात, प्रवासवर्णन सांगा." मी म्हटले, प्रवासवर्णन जमणार नाही; तिथे पाहिलेल्या एका फुटबॉल सामन्याविषयी सांगतो. त्यांना वाटले, हलकाफुलका विषय आहे, मुलांनाही आवडेल. विषय हलका आहे की नाही, ते शेवटी आपणच ठरवा.

२०२२ च्या सप्टेंबरात कामानिमित्त बर्लिनला जाण्याचा योग आला. तिथे दर दोन वर्षांनी 'इनोट्रान्स' नावाचे रेल्वेचे मोठे प्रदर्शन भरते. प्रदर्शनाच्या आवारातच साडेतीन किलोमीटर रूळ टाकलेले आहेत; त्यावर नवी इंजिने, डबे, ट्रॅक मशिन उभी करतात. तिघे मोठे साहेब आणि चौथा मी, म्हणजे मशिनच्या पोटात हात घातलेला एकमेव माणूस. प्रदर्शन मंगळवारी सुरू होणार होते आणि आम्ही शनिवारी पोहोचलो. रविवार मोकळा. साहेब मंडळी राजवाडे बघायला गेली. माझा भाचा तिथे संगणकाच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, "मामा, राजवाडे काय, चित्रातही दिसतात. फुटबॉल बघायला चला."

आता बंगालमध्ये वाढलेल्या माणसाला फुटबॉल नवा नाही. इथे इलिश आणि चिंगडी यांवरून संघ ओळखतात. पहिला मासा ईस्ट बंगालचा, दुसरा मोहन बागानचा. १३ जुलै १९९७ ला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये त्यांचा फेडरेशन कपचा उपांत्य सामना झाला, तेव्हा १ लाख ३१ हजारांवर माणूस जमला होता. बायचुंग भुतियाने तीन गोल मारले, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकले. त्या गर्दीतला एक मी होतो. पॉलिटेक्निकमध्ये शिकत होतो, घरी न सांगता गेलो होतो आणि परत येताना एक चप्पल गर्दीत राहिली. वडिलांनी फक्त पायाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी नवी चप्पल दाराशी होती. त्यामुळे मी भाच्याला जरा तोऱ्यातच म्हटले, "बावीस हजारांचे तुझे मैदान मला काय दाखवतोस?"

भाच्याच्या ऑफिसातील एका जर्मन सहकाऱ्याचे वडील या क्लबचे जुने सभासद. त्यांच्या घरच्या दोघांना त्या दिवशी जमणार नव्हते, म्हणून दोन तिकिटे आम्हाला मिळाली. एरवी तिथे बाहेरच्याला तिकीट मिळणे कठीण. आजोबा स्वतः आमच्याबरोबर होते. वय सत्तरीच्या आसपास, इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नाही. भाचा मधे दुभाषा.

आम्ही एस-बान या लोकल गाडीने निघालो. मी आधी रूळ पाहिले. डोक्यावर तार नाही. बाजूला तिसरा रूळ, ७५० व्होल्ट डीसी, आपल्या कोलकाता मेट्रोसारखा. जोडणी त्या रुळाच्या खालच्या अंगाने घेतात, म्हणजे बर्फ-पाण्याचा त्रास कमी. मी वाकून बघतोय हे पाहून आजोबांनी भाच्याला काहीतरी विचारले. भाचा म्हणाला, "मामा रेल्वेत आहेत का विचारताहेत. आणि विचारताहेत, साहेब की कामगार?" मी म्हटले, "सांग, मधला. पण वडील फिटर होते."

आजोबांनी एकदम माझा हात धरला. ते स्वतः केबल कारखान्यात फिटर होते. भाचा सांगू लागला, आणि मला त्या क्लबची गोष्ट तिथे गाडीतच कळली.

क्लबचे नाव 'युनियन बर्लिन'. मूळ १९०६ मधले. आजच्या नावाने १९६६ पासून. शहराच्या आग्नेय टोकाला कारखान्यांची वस्ती होती, विजेची सामग्री आणि केबल बनवणारी. तिथल्या कामगारांचा हा संघ. म्हणून त्यांना जुने टोपणनाव आहे, 'श्लोसर-युंग्स'. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत सरळ सांगायचे तर फिटरची पोरं. आणि त्यांची आरोळी आहे, 'आयझर्न युनियन', म्हणजे लोखंडी युनियन. बर्लिनची भिंत होती तेव्हा हा भाग पूर्वेला, साम्यवादी राजवटीत. १९८९ मध्ये भिंत पडली, कारखाने एकामागून एक बंद झाले, आणि क्लबचेही हाल झाले. १९९३ आणि १९९४, दोन्ही वर्षी मैदानावर वरच्या वर्गात जाण्याइतके कमावले, पण पैशाअभावी परवाना नाकारला गेला. २००४ मध्ये तर क्लब बुडायला आला होता. तेव्हा समर्थकांनी काय केले? तिथे रक्तदानाला काही मोबदला मिळतो. त्यांनी ओळीने रक्त दिले आणि तो मोबदला क्लबला दिला. मोहिमेचे नावच 'युनियनसाठी रक्त सांडा' अशा अर्थाचे होते.

कोपेनिक स्टेशनवर उतरलो. तिथून चालत पंधरा-वीस मिनिटे. शेवटचा टप्पा झाडीतल्या पायवाटेने. आपल्या डिसेंबरसारखी थंडी, लाल-पांढरे मफलर घातलेली माणसे, कडेवर पोरे, हातात पाव-सॉसेज. जत्रेला चालल्यासारखे वाटले. मैदानाचे नाव 'आल्टे फोर्स्टेराय', म्हणजे जुनी वनरक्षकाची चौकी. आत गेल्यावर पाहतो तर काय, बसायला जागाच नाही! २२ हजारांच्या मैदानात खुर्च्या फक्त साडेतीन हजारांच्या आसपास, एका बाजूला. बाकी तिन्ही बाजूंना काँक्रीटच्या पायऱ्या आणि त्यावर उभी माणसे. कोपऱ्यात जुना धावफलक, त्यावर आकडे हाताने बदलायचे. मला वाटले, गरीब क्लब दिसतोय.

आजोबा आम्हाला एका ठराविक पायरीवर घेऊन गेले. बुटाच्या टोकाने पायरीवर ठोकले आणि म्हणाले, "ही माझी."

मला वाटले, जागा राखीव आहे. भाचा म्हणाला, "नाही मामा. ही त्यांनी बांधली आहे."

मंडळी, इथून पुढचे नीट ऐका. या पायऱ्या मोडकळीला आल्या होत्या. मैदान दुरुस्त केले नाही तर तिथे सामने खेळता येणार नाहीत, अशी वेळ आली. क्लबजवळ पैसे नाहीत, शहराकडून मदत होईना. तेव्हा सभासद आणि समर्थक म्हणाले, आम्ही बांधतो. २००८ च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले. दोन हजारांहून जास्त माणसांनी मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास बिनपगारी काम केले. कुणी रजा घेऊन आले, कुणी रात्रपाळी करून आले, कुणाची नोकरी गेलेली होती ते रोज आले. जुने काँक्रीट फोडले, पायऱ्या ओतल्या, लोखंडी कठडे बसवले, रंग दिला. खास कौशल्याचे काम होते तिथे जाणकार कंपन्या होत्याच. ८ जुलै २००९ ला मैदान पुन्हा उघडले.

मी इंजिनिअर माणूस, लगेच हिशेब केला. १ लाख ४० हजार तास, आठ तासांची पाळी धरली तर साडेसतरा हजार मनुष्यदिवस. पन्नास जणांची एक गँग रोज कामाला लावली तरी साडेतीनशे दिवस लागतील. आणि टेंडर नाही, बिल नाही, ओव्हरटाइम नाही. मी आजोबांना विचारले, "तुम्हाला काय मिळाले?" ते म्हणाले, "जेवण." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि ही पायरी." बाहेर त्या बांधणाऱ्यांचे स्मारक आहे, वर भले मोठे लाल हेल्मेट. स्मारक खेळाडूंचे नाही, नेत्यांचे नाही, काँक्रीट ओतणाऱ्यांचे.

सामना सुरू होण्याआधी ध्वनिक्षेपकावरून घरच्या संघातील खेळाडूंची नावे घेतात. प्रत्येक नावानंतर सगळे मैदान एका सुरात ओरडते, 'फुसबाल-गॉट!' म्हणजे फुटबॉलचा देव. गोलकीपर, फुटबॉलचा देव. राखीव खेळाडू, फुटबॉलचा देव. मी भाच्याला म्हटले, "अरे, आपण एकाच देवाचा जयजयकार करून दहा दिवस काढतो, इथे पाच मिनिटांत अकरा झाले!"

समोरचा संघ होता वोल्फ्सबुर्ग. फोक्सवॅगन मोटारींच्या गावचा, आणि त्याच कंपनीच्या मालकीचा. जर्मनीत सर्वसाधारण नियम असा, की क्लबच्या निर्णयात बहुमत सभासदांचे असले पाहिजे. बाहेरचा पैसेवाला कितीही मोठा असो, मते सभासदांची जास्त. वोल्फ्सबुर्गसारख्या थोड्या क्लबांना जुन्या संबंधांमुळे त्यातून सवलत मिळालेली आहे. त्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही, तो संघही कारखान्याच्या कामगारांतूनच उभा राहिलेला. पण त्या दिवशी एका बाजूला कंपनीचा संघ आणि दुसऱ्या बाजूला स्वतः पायऱ्या ओतणाऱ्यांचा संघ, असा योग जुळून आला होता खरा.

पूर्वार्धात एकही गोल नाही. आपल्याकडे असते तर आतापर्यंत दोघा-तिघा खेळाडूंच्या घराण्याचा उद्धार झाला असता. इथे पास चुकला, तरी गाणे थांबत नाही. आजोबांनी नियम सांगितले: आपल्या खेळाडूची हुर्यो करायची नाही, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत जागा सोडायची नाही. उत्तरार्धात दोन गोल झाले, युनियन २-० ने जिंकली आणि त्या दिवशी संपूर्ण जर्मनीच्या पहिल्या वर्गाच्या तक्त्यात सर्वांत वर राहिली. गोल झाला तेव्हा माझ्या अंगावर कुणाची तरी बिअर सांडली आणि आजोबांनी मला मिठी मारली. माझा सॉल्ट लेकचा तोरा तिथेच उतरला. तिथे लाखाच्या वर माणसे होती, पण मी बघ्या होतो. इथे बघ्या कोण आणि मालक कोण, हे ओळखता येत नव्हते.

पण मला मनातून हलवले ते वेगळ्याच गोष्टीने. शिट्टी झाल्यावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही पायरीवर उभे होतो. आजोबांनी सांगितले, २०१९ मध्ये युनियन पहिल्यांदाच पहिल्या वर्गात, म्हणजे बुंडेसलिगामध्ये पोहोचली. पहिला सामना १८ ऑगस्टला, याच मैदानावर. त्या दिवशी लोकांनी आपल्या वारलेल्या माणसांचे मोठे फोटो आणले होते. वडील, आई, भाऊ, मित्र, जे आयुष्यभर या पायऱ्यांवर उभे राहिले आणि हा दिवस पाहायला उरले नाहीत ते. साडेचारशेच्या वर फोटो. खेळाडू मैदानात आले तेव्हा ते सगळे चेहरे वर धरले होते. त्या दिवशी युनियन ०-४ ने हरली. आजोबा म्हणाले, "मी माझ्या भावाला आणले होते. त्याने माझ्या शेजारची पायरी ओतली होती."

मंडळी, ती तारीख होती १८ सप्टेंबर. आपला पितृपंधरवडा चालू होता. माझ्या पाकिटात वडिलांचा फोटो असतो, निवृत्तांच्या वैद्यकीय कार्डावरचा. मी तो काढला नाही. काढायला मला तोंड नव्हते. का, ते आता सांगतो. ते सांगायला मला अडीच वर्षे लागली आहेत.

आपल्यापैकी ज्येष्ठांना मंडळाचे जुने सागवानी मखर आठवत असेल. माझे वडील १९७७ मध्ये भुसावळहून इथे बदलून आले. १९८४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या दोघा सोबत्यांनी, त्यांत शेजारचे एक बंगाली सुतार काका होते, ते मखर केले. रद्द झालेल्या जुन्या डब्यांच्या सागवानी फळ्या रीतसर लिलावात घेतलेल्या. पावती मंडळाच्या फायलीत आहे, घाबरू नका! खिळा एकही नाही, सगळे सांध्यात सांधा बसवून. एकूण बत्तीस तुकडे. वडील फिटर, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या कडेला नंबर पंच मारलेला, १ ते ३२. दरवर्षी हरितालिकेच्या संध्याकाळी आम्ही पोरे नंबर ओरडायचो आणि मोठी माणसे जोडायची. मी आकडे मोजायला त्या मखरावर शिकलो म्हटले तरी चालेल.

२०१४ मध्ये मी मंडळाचा कार्यवाह होतो. तेव्हा ठरले की सजावट कंत्राटदाराला द्यायची. माणसे मिळत नव्हती हे खरे, पण ठराव मी मांडला होता. कंत्राटदाराचे सामान ठेवायला जागा हवी, म्हणून मखर भंगारात काढायचे, हेही मीच ठरवले. हातगाडीवर ते तुकडे गेले. किती रुपये आले, ते जमाखर्चात आहे. इथे सांगायची मला लाज वाटते. वडील तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. आरतीला आले, नवी चकाकणारी सजावट पाहिली, म्हणाले, "छान आहे." चप्पल हरवली तेव्हाही असेच काही बोलले नव्हते. फक्त त्यानंतर आदल्या संध्याकाळी मांडवात येणे त्यांनी बंद केले. यायचे ते थेट आरतीला, पाहुण्यासारखे. २०१७ मध्ये ते गेले.

बर्लिनच्या त्या पायरीवर मला हे कळले की मी मखर विकले नव्हते, त्यांची पायरी विकली होती.

आता जूनमध्ये आपली सर्वसाधारण सभा आहे. त्यात प्रस्ताव आहे की यंदापासून मांडव, सजावट, जेवण, कार्यक्रम, सगळाच उत्सव एका कंपनीला द्यावा. प्रस्ताव मांडणारे माझे मित्र आहेत आणि त्यांची अडचण खरी आहे. आपण उरलो चौसष्ट घरे. मुले पुण्या-बंगळूरला. कामावरून थकून आल्यावर बांबू कोण उचलणार? मी काही कंत्राटाच्या विरुद्ध नाही. विजेची जोडणी आणि मांडवाचा सांगाडा जाणकारानेच करावा, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. जाहिरातींच्याही विरुद्ध नाही. युनियनच्या खेळाडूंच्या सदऱ्यावरही जाहिरात असते, आणि आपली स्मरणिकाही जाहिरातींवरच निघते. माझे म्हणणे एवढेच, की सगळे देऊन टाकले तर आपण आपल्याच उत्सवाला पाहुणे होऊ. वर्गणी दिली की पावती मिळते. हात लावला की पायरी मिळते.

माणसे कमी आहेत म्हणाल, तर आणखी एक सांगतो. त्याच मैदानावर नाताळच्या दोन दिवस आधी लोक गाणी म्हणायला जमतात. २००३ मध्ये पहिल्यांदा जमले तेव्हा ८९ जण होते. पुढे ते मैदान त्यासाठी भरू लागले. आपली चौसष्ट घरे आहेत, म्हणजे माणसे ८९ हून खचितच जास्त.

परत आल्यावर मी भंगारवाल्याचा शोध घेतला. उपयोग झाला नाही. पण गेल्या दिवाळीत मंडळाच्या खोलीची सफाई करताना पाण्याच्या पिंपाखाली टेकू म्हणून लावलेली एक फळी मिळाली. काळी पडलेली, एक कोपरा कुजलेला. कडेची माती पुसली. पंच दिसला: १७.

ती फळी मी आज आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर पाहा. माझी विनंती अशी, की सभेत निर्णय काय व्हायचा तो होवो. मखर मात्र आपण पुन्हा करू या. सागवान नाही परवडणार, साधे लाकूड घेऊ. मापे मी या फळीवरून आणि जुन्या फोटोंवरून काढली आहेत, ड्रॉइंग तयार आहे. एकतीस तुकडे नवे, सतरावा जुना. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, माझ्या घरामागच्या शेडमध्ये. सुतार काका आता नाहीत, पण त्यांचा मुलगा येतो म्हणाला आहे. त्याच्या वडिलांचेही ते मखर होते. वहिनींनीही यावे, नुसते पोहे घेऊन नव्हे, करवत धरायला. मुलांनी तर यावेच. पंच मारायचे काम त्यांचे. नंबर सरळ आला नाही तरी चालेल.

आणि हो, शेवटची शिट्टी होईपर्यंत जागा सोडायची नाही. म्हणजे आभारप्रदर्शन संपेपर्यंत बसावे. चहा नंतरच आहे.

गणपती बाप्पा मोरया!